अर्धा तास बसायचं

"फोडणी झाली का, बाई?"

माझ्या खोलीपासून चार पावलं अलीकडे थांबून, पदर नाकाशी धरून मावशी हे विचारायच्या. झाली, या आत, असं म्हटलं तरी लगेच यायच्या नाहीत. मान जरा वर करून हवा हुंगायच्या. माझ्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मिरचीचा खाट गेलाय अशी स्वतःची खात्री पटली की मग चपला काढायच्या आणि उंबऱ्यावर बसायच्या, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिनं आधी मला झापलं असतं आणि मग त्यांना. पण घर असो की देऊळ, मावशींना दार जवळ लागायचं.

मी बदली होऊन वाडीत नवी आले तेव्हा मला वाटलं, ही बाई नेमकी जेवणाची वेळ साधून येते. पहिल्या आठवड्यात दोनदा मी त्यांना ताट वाढलं. दोन्ही वेळा त्यांनी मुकाट्यानं जेवून घेतलं. तिसऱ्या वेळी मी ताट काढायला लागले तेव्हा म्हणाल्या, "बाई, मी भुकंपायी न्हाई इचारत. मला दम हाय." आणि जरा थांबून म्हणाल्या, "पन भाजी चांगली करता."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. लग्नात मांडवाच्या बाहेर खुर्ची टाकून बसणारं, देवळात पायरीवरूनच हात जोडणारं, कुणाकडे सत्यनारायण असला की प्रसाद रस्त्यावर मागवणारं. आपण त्याला तऱ्हेवाईक म्हणतो आणि पुढे जातो. मीही गेले असते. पण माझ्याकडे फ्रीज होता.

आमची वाडी तिसगावपासून चार किलोमीटर आत. घरं पन्नास-पंचावन्न. दसरा झाला की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. पोरंही बरोबर जातात. माझ्या शाळेचा पट एका आठवड्यात अर्ध्यावर येतो. मागे राहतात ती म्हातारी माणसं, दोन-चार जनावरं, मी आणि मावशी.

मावशी तशा म्हाताऱ्या नव्हत्या, पंचावन्नच्या आत-बाहेर असतील. नवरा होता तोवर त्यांनीही कोयता चालवला होता. कुठल्या कारखान्याला किती हंगाम केले हे त्या बोटावर सांगायच्या. उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या धुळीत दम लागायला लागला तेव्हा वर्षभर कुणाला सांगितलं नाही. नवरा वारला, पुढच्याच हंगामात त्या उसाच्या फडात आडव्या झाल्या, आणि मुकादमानं परत पाठवून दिलं. तेव्हापासून त्या वाडीत. मुलगा आणि सून जात, या राहत.

नगरच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातावर थेंब टाकून, टोचून तपासणी केली होती. ती गोष्ट त्या मोठ्या दिमाखात सांगायच्या. घरातली धूळ, बाजरीचा भुसा, गाजर गवत, झुरळं, सगळ्याला हातावर गांधी उठल्या. "डाक्टर म्हनला, मावशी, तुमाला काय चालतं तेवढं सांगा." सांगून हसायच्या, हसताना खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत मी दुसरीकडे बघत बसायची.

त्यांच्या घरात भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना किल्ल्या. जाणारं प्रत्येक घर जाताना किल्ली त्यांच्याकडे देऊन जायचं, कारण त्या कुठे जाणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दर सोमवारी त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायच्या. कुलूप काढायचं, दार ढकलायचं आणि लगेच दहा पावलं मागं सरून पदर नाकाला लावून उभं राहायचं. बंद घरातली धूळ त्यांना सोसायची नाही. थोड्या वेळानं उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, दार लोटायचं, पुढचं घर. घराला वारं दाखवते, म्हणायच्या. आत पाऊल न टाकता त्यांनी अख्खी वाडी सांभाळली होती.

त्यांच्या इंजेक्शनची हकीकत अशी. गोळ्या, दोन प्रकारचे पंप, दर पावसाळ्यात दवाखान्यात वाफ, हे सगळं करून दम हटत नव्हता, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी कुठल्याशा योजनेत त्यांचं नाव बसवलं आणि दर चार आठवड्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन सुरू केलं. पहिली काही नगरलाच घेतली. मग डॉक्टर म्हणाले, महिन्याला एवढा हेलपाटा नको, तीन-तीन खोकी घेऊन जा, तिसगावच्या डॉक्टरकडून टोचून घ्या, फक्त फ्रीज पाहिजे. वाडीत दोन फ्रीज होते. एक मुकादमाचा, पण तो बिघडल्यापासून त्यात त्याच्या बायकोच्या साड्या असायच्या. दुसरा माझा, इन्व्हर्टरवरचा.

खोकी ठेवायला आल्या तेव्हा मावशींनी मला धडा शिकवल्यासारखं सांगितलं. मधल्या कप्प्यात ठेवायचं. दारात न्हाई, बर्फात न्हाई, हलवायचं न्हाई. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी वीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई, मला राग यायचा. एकदा म्हणालेही, मावशी, मला वाचता येतं, खोक्यावर लिहिलंय. त्या म्हणाल्या, "वाचता येतं म्हनूनच सांगते. वाचनारी मानसं डोकं चालिवत्यात." हे वाक्य मी मनावर घेतलं नाही, ते पुढे फार महागात पडलं.

दर चौथ्या शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटल्यावर मी थर्मासमध्ये बर्फ घ्यायची, त्यावर जाड फडकं, फडक्यावर खोकं. मावशी स्कूटीवर मागे बसायच्या, पदराचा बुरखा करून. इंजेक्शन दोन मिनिटांत व्हायचं. त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातून हलायचं नाही, काही त्रास होतोय का बघायचं, हा नगरच्या डॉक्टरांचा नियम. तिसगावचा कंपाउंडर म्हणायचा, मावशी, इतक्या वेळा झालं, काही होत नाही, जा आता. मावशी हलायच्या नाहीत. दवाखान्याच्या ओट्यावर पाय खाली सोडून बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी मला वेळ विचारायच्या. अर्धा तास बसायचं म्हंजी बसायचं.

मला सुरुवातीला हा अर्धा तास कंटाळवाणा वाटायचा. वह्या तपासायच्या राहिलेल्या असायच्या. पुढे पुढे मी शनिवारची वाट बघायला लागले. वाडीत माझ्याशी बोलायला दुसरं होतं कोण? माझं घर नगरला, तिथे आई, आणि पंधरा दिवसांतून एकदा जाणं. बाकीचे दिवस संध्याकाळी खोलीत मी आणि फ्रीजचा आवाज. लग्न केलं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, पण उसाचा हंगाम सुरू झाला की वाडी इतकी गप्प व्हायची की माझीच मला भीती वाटायची. मावशींनी ते कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, तुमी आनि मी सारक्याच, तुमाला नोकरीनं ठिवलं, मला दमानं.

त्या ओट्यावरच मला त्यांच्या नातीची गोष्ट कळली. मी यायच्या आधीच्या हंगामात मुलानं आपली पोर आजीजवळ ठेवली होती, सहा वर्षांची. एके दिवशी सकाळी मावशींना जोराचा दम लागला. बोलता येईना. पोर शेजाऱ्याच्या दाराकडे पळाली, कुलूप. पुढच्या दाराकडे, कुलूप. ती रडत, दारं वाजवत वाडीच्या टोकापर्यंत गेली तेव्हा कुठे एक म्हातारा भेटला. मावशी वाचल्या. पण मुलानं त्या दिवसापासून पोर आजीजवळ ठेवली नाही. तिला फडावर नेऊ लागला. तिथे ती दिवसभर उसाच्या कडेला बसायची, आणि माझ्या शाळेत पाडव्यानंतर यायची, निम्मं विसरून.

मावशींना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. पोर आपल्याजवळ राहावी आणि शाळेत जावी. मुलानं शेवटी कबूल केलं होतं की पावसाळा आणि सुगी दम न लागता काढ, मग ठेवतो. सुगी म्हणजे बाजरीची मळणी, आणि तेव्हाच गाजर गवत फुलावर आलेलं असतं. मावशींचा सगळ्यात वाईट महिना. म्हणून ती इंजेक्शनं त्या इतक्या मनोभावे घ्यायच्या. दम थांबावा एवढ्यासाठी नाही, पोर राहावी यासाठी.

आणि त्या वर्षी पावसाळा खरंच कोरडा गेला, म्हणजे त्यांच्या छातीपुरता. एकदाही वाफ लागली नाही. श्रावणात त्या देवळाच्या आत गेल्या, अगदी गाभाऱ्यापर्यंत, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या की देव जवळून बारीक दिसतो. नात रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर माझ्याकडे यायची. तिसरीत होती. तेराचा पाढा म्हणताना आजीकडे बघायची, आजीला तो येत नव्हता, तरी आजी मान डोलवायची.

भाद्रपद लागता लागता वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही. इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी झोपला. फ्रीजमध्ये मावशींचं शेवटचं खोकं होतं, पुढची तीन नगरहून महिन्यानं मिळणार होती. मी डोकं चालवलं. वरच्या बर्फाच्या कप्प्यात अजून थोडा बर्फ शिल्लक होता, तिथे गारवा जास्त टिकेल म्हणून खोकं उचलून तिथे ठेवलं. त्याच दिवशी आई आजारी असल्याचा फोन आला आणि मी नगरला गेले. मागे वीज आली. मी परत आले तेव्हा खोकं बर्फात रुतलं होतं. मी ते नळाखाली धरलं, हातात धरून बसले, पदरात धरलं. तिसगावच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हे गेलं, हे टोचता येणार नाही.

मावशींना मी सांगितलं. त्यांनी खोकं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाल्या, जाऊ द्या, एका खेपेनं काय हुतंय. मी नगरला फोन केले, डॉक्टरांची माणसं म्हणाली, योजनेतलं आहे, तारखेच्या आधी मिळायचं नाही. चार आठवड्यांचे सहा झाले.

सातव्या आठवड्यात मळणीयंत्र त्यांच्या घराशेजारच्या रानात आलं. भुसा वाऱ्यानं थेट दारात. मावशींनी दारं लावून घेतली होती, तरी दुपारपर्यंत त्यांना वाक्य पुरं करता येईना. मुलगा आणि शेजारचा माणूस, दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून त्यांना तिसगावला नेलं. मी मागून स्कूटीवर. दवाखान्यात तोंडाला वाफेचं मशीन लावलं. खांदे वर-खाली होत होते. नात खाटेच्या पायाशी उभी होती, रडत नव्हती.

मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, इंजेक्शन घेत हुती ना आई? मग कसं काय?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते. शपथेवर सांगते, सांगणारच होते. तेवढ्यात मावशींनी तोंडावरचं मशीन बाजूला केलं आणि एकेका शब्दाला थांबत म्हणाल्या, "तारीख... माज्या... ध्यानात न्हाई राहिली. बाई... गावाला गेलत्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मशीन परत तोंडाला लावलं आणि डोळे मिटले. आणि मी गप्प बसले. वाडीत मला मान होता, पोरं पाया पडायची, मुकादम नमस्कार करायचा. तो मान मी त्या दिवशी वाचवला. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

ज्या म्हातारीला स्वतःच्या इंजेक्शनची तारीख आठवत नाही तिच्यापाशी पोर कोण ठेवील? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघाला. निघायच्या आधी नात माझ्याकडे आली आणि विचारलं की मराठीचं पुस्तक नेऊ का. मी पुस्तक दिलं, पाटी दिली, खडूची अख्खी पेटी दिली. एवढं देऊनही काही फिटत नव्हतं. मावशी ट्रॅक्टरपासून लांब उभ्या होत्या, धुरामुळे. पोरीनं हात हलवला तो त्यांना धुळीतून दिसला की नाही कोण जाणे.

त्या हंगामात मी रोज ठरवायची की आज मुलाला फोन करून सांगायचं. एका शनिवारी ओट्यावर मी मावशींना विचारलं, खोटं का बोललात?

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं तर त्यो तुमाला बोलला असता. मग तुमी लाजंनं माज्याकडं फिरकला नसता. बाकी सगळी जात्यात, बाई. तुमी तेवढ्या उरता."

मग किती वाजले म्हणून विचारलं. बारा मिनिटं राहिली होती. आम्ही ती बसून काढली.

इंजेक्शन पुन्हा वेळेवर सुरू झालं, आणि थंडीत त्यांची छाती मोकळी झाली. पाडव्याला सगळे परत आले. नातीच्या कडेवर भाऊ होता, तोडकऱ्यांच्या तळावर जन्मलेला, दोन महिन्यांचा. तेराचा पाढा ती विसरली होती, पण दुपटं बदलायला शिकली होती. मावशी नातवाला बघून हरखल्या. मीही त्याला टोपडं आणलं. त्याच्या येण्यानं काय बदललंय, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

पुन्हा पावसाळा गेला. पुन्हा सुगी आली. यंदा मळणीयंत्र शेजारच्या रानात दोन दिवस धडधडलं आणि मावशी घरात बसून शेंगा फोडत होत्या. एकदा शिंकल्या, बास. मी त्यांना म्हटलं, या साली मी बोलते मुलाशी. त्या म्हणाल्या, कशाला उकरता. पण त्यांनी मला अडवलं नाही.

तो दारापुढे ट्रॉलीची दोरखंडं आवळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. वीज गेली ते, बर्फाचा कप्पा, दवाखान्यातलं माझं गप्प बसणं. आई विसरली नव्हती, चूक माझी होती, इंजेक्शन मिळालं असतं तर तिला काही झालं नसतं, यंदा बघतोयसच ना. पोरीला ठेव, मीही लक्ष देईन. मला वाटलं होतं तो चिडेल. मी त्याची तयारी करून गेले होते.

तो दोर हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मागच्या साली सांगितलं असतं तर ठिवली असती, बाई. तवा बारकं न्हवतं. आता आमी दोघं फडात गेल्यावर त्याला कोन बघनार?"

आवाज चढवला नाही, काही नाही. पुन्हा दोर आवळायला लागला.

एका वर्षाची ती गोष्ट होती. मागच्या वर्षी ती पोर मागं राहू शकत होती, या वर्षी तिच्यावाचून त्यांचं चालत नव्हतं. आणि मधलं ते वर्ष माझ्या गप्प बसण्यानं गेलं होतं. मी खोलीवर आले आणि स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. फोडणी झाली का विचारलं, हुंगलं, उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या की मी चालले. कुठे, तर तळावर. बारक्याला मी सांभाळीन, पोरगी साखरशाळेत जाईल. कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी अशी शाळा असते, मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं.

मी खवळले. पाचट आहे, दहा चुलींचा धूर आहे, पाल्याच्या कोपीत राहायचं, धुळीत झोपायचं. एवढं सगळं करून मिळवलेला श्वास तिथे घालवणार का, असं मी तावातावानं विचारलं. माझ्या मनात आणखी एक होतं, ते मी बोलले नाही. मग मी काय करू, हे.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, इंजेक्शन कशापायी घेतलं मी? दम घ्यायला. हितं रिकाम्या वाडीत एकलीनं दम घेऊन करू काय?"

मी फोन उचलून नगरचा नंबर काढला.

मग आम्ही कामाला लागलो. नगरचे डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं, पंप कधी, गोळी कधी, दम लागला तर कुठे धावायचं. मुलानं मुकादमाला गाठलं, मुकादमानं तळाजवळच्या गावातला एक मेडिकलवाला गाठला, तो खोकी फ्रीजमध्ये ठेवायला तयार झाला. शेजारच्या डॉक्टरकडे टोचायची सोय झाली. मी त्या मेडिकलवाल्याला स्वतः फोन केला. मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बर्फात नको. तो म्हणाला, मॅडम, माझा हाच धंदा आहे. मी म्हटलं, म्हणूनच सांगते.

निघायच्या दिवशी थर्मास मी भरला. तळाला बर्फ, त्यावर फडक्याच्या चार घड्या, त्यावर पुठ्ठा, त्यावर खोकी. बर्फ खोक्याला लागत नाही ना, हे मी बोट घालून तीनदा बघितलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी तो नेहमीचा धडा त्या दिवशी म्हटला नाही. ट्रॉलीत धूळ नको म्हणून मुलानं त्यांना मुकादमाच्या जीपमध्ये पुढे बसवलं. मांडीवर थर्मास, थर्मासवर दोन्ही हात, पदर नाकाला, शेजारी नात आणि नातीच्या मांडीवर बारकं. जीप सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला. त्यात त्यांच्या घराचीही किल्ली होती.

आता सोमवारी शाळा सुटल्यावर मी घरांना वारं दाखवते. मला धुळीचं काही वावडं नाही, तरी दार उघडलं की मी दहा पावलं मागं सरून उभी राहते. तसंच बघितलं होतं, दुसरं येत नाही. शेवटचं घर मावशींचं. भिंतीवर नुसते खिळे.

त्या गेल्यावर आलेल्या पहिल्या इंजेक्शनच्या शनिवारी दुपारी मुलाच्या फोनवरून फोन आला. "झालं, बाई. बसलेय." मेडिकलवाल्यानं स्टूल दिलं होतं. नात साखरशाळेत जाते, म्हणाल्या, गुरुजी तुमच्यावानी रागीट न्हाईत. दम? लागतो थोडा, पंप घेते. मग विचारलं, फोडणी झाली का? मी म्हटलं, झाली. त्या म्हणाल्या, हितनं हुंगता येत न्हाई, खरं मानायला लागतं. त्यानंतर आम्ही फारसं बोललो नाही. फोन चालू ठेवला. मला बारक्याचं रडणं ऐकू येत होतं, उसाचे ट्रॅक्टर जात होते, मधूनच त्यांचा श्वास. मी दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. अर्धा तास झाल्यावर त्यांनी फोन ठेवला. पुढच्या खेपेलाही तसंच.

काल पुन्हा इंजेक्शनचा शनिवार होता. शाळा सुटल्यावर मी लवकर जेवून घेतलं आणि फोन घेऊन उंबऱ्यावर बसले, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. फोन आला नाही. मी लावून बघितला, लागला नाही. तळ हलला असेल. रेंज नसेल. मुलगा फोन घेऊन फडात गेला असेल.

मी घड्याळात बघत बसले. मग अर्धा तास झाला. उठून संध्याकाळच्या भाजीला फोडणी द्यायला हरकत नव्हती, हुंगणारं कुणी नव्हतं. मी बसूनच राहिले.